पावतीपुस्तक क्रमांक 14 : एका वाचनालयातलं शिस्तभंगाचं आणि अपिलाचं प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातल्या वाचनालयाचं हे प्रकरण आहे. अपिलाची सुनावणी घ्यायला तिघांची समिती नेमली होती. तिच्यात बाहेरचा माणूस म्हणून मी होतो, त्यामुळे सगळी फाईल वाचायला मिळाली. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील व आकडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत. लिहायला दोन्ही बाजूंची हरकत नाही, हे आधी विचारून घेतलं.

पार्श्वभूमी

संस्था 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधीची, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाची. कपाटातल्या जुन्या फाईलवर आधी मुंबई राज्याचे शिक्के, मग म्हैसूरचे आणि 1973 नंतर कर्नाटकाचे. आज तिला कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 लागू आहे. अडीचशेच्या आसपास सभासद, अकरा जणांची कार्यकारिणी आणि पगारावर एकच माणूस, ती म्हणजे अर्धवेळ ग्रंथपाल.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथं भरतं तसं या गावातही दरवर्षी साहित्य संमेलन भरतं. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन आणि भाषणं, दुपारी पंगत, शेवटी कविसंमेलन. अनुदान कुठलंच नाही, सगळा खर्च वर्गणीतून. वर्गणी म्हटली की पावतीपुस्तकं आली. पंधरा-वीस पुस्तकं सभासदांना वाटून देतात, प्रत्येकजण आपापली गल्ली धरतो, आणि संमेलन झालं की स्थळप्रती (पावती फाडल्यावर पुस्तकात राहणारे भाग) आणि रोकड खजिनदारांकडे जमा करायची, अशी पद्धत. कुणाला कुठलं पुस्तक दिलं याची नोंद मात्र एका वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं केलेली.

ज्यांच्याविरुद्ध कारवाई झाली त्यांना इथं अण्णा म्हणतो. वीसेक वर्षांचे आजीव सभासद. मंडपवाला, आचारी, जीपवाला हे तिघेही त्यांच्या शब्दावर उधारीनं येणारे. अण्णांशिवाय संमेलन उभं राहत नाही असं अर्धं गाव म्हणायचं. उरलेलं अर्धं म्हणायचं, म्हणूनच त्यांना हिशेब विचारायची कुणाची छाती होत नाही. दोन्ही खरं होतं.

आणखी एक गोष्ट इथंच नोंदवतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मराठी संस्थेतलं भांडण बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे सीमाभागातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या हाडीमासी खिळलेलं आहे. तक्रार निबंधकांकडे, म्हणजे संस्थांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेली की सरकारचा प्रशासक येणार, आणि प्रशासक आला की वाचनालय हातचं गेलं, असं त्यांचं गणित. भीती अगदीच निराधार आहे असं म्हणणार नाही, प्रशासक नेमायची तरतूद कायद्यात आहेच. पण या प्रकरणात कार्यकारिणीनं केलेली जवळजवळ प्रत्येक चूक ‘बाहेर कळायच्या आत मिटवूया’ या घाईतून झाली.

नेमकं काय घडलं

संमेलनानंतरच्या हिशेबाच्या बैठकीत दोन गोष्टी निघाल्या. अण्णांकडच्या पुस्तक क्रमांक 9 च्या स्थळप्रतींची बेरीज 46,500 रुपये होती आणि जमा केले होते 14,000. म्हणजे 32,500 चा मेळ लागत नव्हता. पुस्तक क्रमांक 14 तर परतच आलं नव्हतं. ते अण्णांनी नेल्याचं पेन्सिलीच्या नोंदीत दिसत होतं. त्यात किती पावत्या फाटल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे अंदाज वाढत वाढत ‘लाखभर तरी असतील’ इथपर्यंत गेला.

ही बेरीज ग्रंथपाल बाईंनी केली होती, कार्यवाहांच्या सांगण्यावरून. अण्णांनी भर बैठकीत त्यांच्या पुढ्यातलं रजिस्टर ओढून टेबलावर आपटलं आणि पगारी माणसानं सभासदाला हिशेब विचारायचा नाही असं सुनावलं. त्याच रात्री संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा आवाजी निरोप आला. त्यात पैशाबद्दल थोडं, आणि ग्रंथपाल बाई व कार्यवाह यांच्याबद्दल बरंच काही सूचक बोललेलं होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा बाब एक नव्हे, दोन होत्या. पैशाच्या बाबतीत संशय होता, पुरावा अर्धवट होता. बोलण्याच्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती. निरोप दीडशे जणांच्या फोनमध्ये पडलेला. तरीही पुढचे कितीतरी दिवस सगळी चर्चा पैशाची झाली. ग्रंथपाल बाईंना काय वाटलं हे पहिल्या महिन्यात एकानंही विचारलं नाही.

रात्रीचा ठराव

दुसऱ्या दिवशी रात्री कार्यवाहांच्या घरी अकरापैकी सात जण जमले. चहा झाला, अण्णांचं सभासदत्व रद्द करण्याचा ठराव एकमतानं झाला. ठरावाचा मसुदा कार्यवाहांनी लिहिला. तक्रार त्यांचीच होती आणि आवाजी निरोपात नावही त्यांचंच होतं.

पोटनियम काय सांगत होते? किमान 14 दिवसांची लेखी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, आणि त्यानंतर हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी निर्णय. यातलं शेवटचं तेवढं पाळलं गेलं. अण्णांना आधी ग्रुपमधून काढलं, मग ग्रुपवर ठरावाचा फोटो टाकला. त्यांना बातमी कळली ती सकाळी डेअरीवर दूध घालताना, शेजाऱ्याच्या फोनवरून. लेखी पत्र गेलंच नाही.

आणखी एक घोटाळा झाला. अण्णांचं खातं बंद करताना कुटुंबाच्या कार्डावर पुस्तकं नेणारी त्यांची नातही बंद झाली. पोरगी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला. मार्चमध्ये परीक्षा, आणि वाचनालयातल्या अभ्यासिकेत बसायला तिला मनाई. गावात सहानुभूतीचा काटा फिरला तो इथं. ज्यांना अण्णांचं वागणं मुळीच पटलं नव्हतं तेही म्हणू लागले, ‘पोरीनं काय केलंय गा?’

अपील

अण्णांनी बेळगावातल्या वकिलांकरवी अर्ज दिला. मुद्दे तीन. नोटीस नाही, सुनावणी नाही, आणि तक्रारदारानंच निवाडा केला. शेवटी एक ओळ होती, की संस्थेनं दखल न घेतल्यास जिल्हा निबंधकांकडे दाद मागू.

त्या ओळीनं कार्यकारिणीची झोप उडाली. खरं पाहता संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 25 प्रमाणे निबंधक स्वतःहून चौकशी करू शकतात, आणि नियामक मंडळाच्या, म्हणजे इथं कार्यकारिणीच्या, बहुमतानं किंवा एक तृतीयांश सभासदांनी अर्ज केला तर त्यांना ती करावी लागते. एकट्या सभासदाच्या अर्जावर लगेच प्रशासक येतो असं काही नसतं. हे कुणी शांतपणे वाचून दाखवलं असतं तर बरीच धावपळ वाचली असती.

अपील मुदतीत आहे का, हाही वाद निघाला. सभासदांना वाटलेल्या छापील पुस्तिकेत 15 दिवस होते, निबंधकांकडे नोंदलेल्या पोटनियमांत 30. मधल्या काळात कुणीतरी सभेत दुरुस्ती करून घेतली, पुस्तिका छापली आणि दुरुस्ती नोंदवायची राहून गेली. संस्थेच्या सल्लागार वकिलांनी दोन वाक्यांत निकाल लावला. नोंदणी न झालेली दुरुस्ती लागू धरता येत नाही. शिवाय निर्णयाचं पत्रच दिलेलं नसेल तर मुदत सुरू कुठून करणार?

याच वकिलांनी बैठकीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचून दाखवला. बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसनांच्या संस्थेतून काढलेल्या एका सभासदाचं ते प्रकरण, निकाल डिसेंबर 1962 चा. क्लब, जिमखाने, संघटना यांच्या हकालपट्टीच्या दाव्यांत देशभर जो निकाल दाखवतात तो आमच्या बेळगावचा आहे, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नंतरच कळलं. न्यायालयानं त्यात सांगितलेलं थोडक्यात असं. सभासदाला संस्थेचे नियम बांधून घेतात. नियमांत हकालपट्टीची तरतूद असेल तर ती नियमांत लिहिलेल्या रीतीनंच करायची. दिवाणी न्यायालय संस्थेच्या निर्णयावर अपील ऐकायला बसत नाही. पण संस्थेनं अधिकाराबाहेर जाऊन, वाईट हेतूनं किंवा नैसर्गिक न्याय डावलून निर्णय घेतला असेल तर न्यायालय तो रद्द करू शकतं. त्या प्रकरणात सभासद हरला होता. वकिलांचा रोख त्यावरच होता. ‘तुम्ही रीत पाळा, मग कोर्ट तुमच्यात पडत नाही. तुम्ही पाळली नाही.’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ठरावाला चिकटून राहायचा. अपील सर्वसाधारण सभेपुढे येऊ द्यायचं आणि तिथं मतांनी पाडायचं. तरुण सदस्यांचा कल इकडे होता. मतं कदाचित मिळालीही असती, पण कोर्टात ठराव उभा राहिला नसता.

दुसरा, गावच्या रीतीनं मिटवायचा. देवळात चार जाणत्यांना बसवायचं, अण्णांनी ‘झालं गेलं विसरा’ म्हणायचं, ठराव गुंडाळायचा. अध्यक्षांना हाच पसंत होता. मलाही एरवी असल्या तोडग्यांचं वावडं नाही. गावं त्यावरच चालतात. पण इथं तो ग्रंथपाल बाईंच्या जिवावर झाला असता. देवळातल्या त्या बैठकीला त्यांना बोलवायचं कुणाच्याही मनात नव्हतं.

तिसरा, स्वतःचाच ठराव मागे घेऊन कारवाई पहिल्यापासून करायची. यात नाक कापल्यासारखं होतं, आणि अण्णा ‘मी निर्दोष ठरलो’ म्हणून मिरवतील अशी धास्ती होती.

चौथा, काहीच न करता अपील सभेपुढे जाऊ द्यायचं आणि सभेनंच मूळ आरोपांचाही निवाडा करायचा. तसं झालं असतं तर अण्णांची अपिलाची पायरीच गेली असती, कारण सभेच्या वर संस्थेत कुणी नाही.

तिसरा पर्याय घेतला गेला. मिरवण्याची सोय राहू नये म्हणून ठरावाची भाषा वकिलांनी घातली: ‘कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे, आरोपांच्या गुणदोषांवर कोणतेही मत न देता, पूर्वीचा ठराव मागे घेण्यात येत आहे.’ नातीचं कार्ड त्याच दिवशी सुरू झालं. चौकशी चालू असेपर्यंत अण्णांकडे संस्थेचा पैसा आणि पावतीपुस्तकं राहणार नाहीत एवढंच बंधन घातलं, मतदानाचा हक्क काढला नाही. हे बंधन आणि शिक्षा यांतला फरक कार्यकारिणीला पटवायला अख्खी संध्याकाळ गेली.

पुन्हा पहिल्यापासून

नवी नोटीस पोचपावतीसह टपालानं गेली. तिच्यात दोन आरोप वेगवेगळे लिहिले होते. एक, संस्थेच्या रकमेचा हिशेब न देणं. ‘अपहार’ हा शब्द वकिलांनी खोडला, कारण तो सिद्ध करायची जबाबदारी मग संस्थेवर येते. दोन, कर्मचाऱ्याशी बैठकीत केलेलं वर्तन आणि ग्रुपवरचा निरोप.

दुसरा आरोप लिहायचा तर बाईंचं म्हणणं घ्यावं लागणार होतं. त्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘पैशाचं तुमचं तुम्ही बघा. माझ्याबद्दल काय लिहिलासा ते वाचून दाखवा.’ 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली त्यांना वेगळा मार्ग आहे, हेही त्यांना सांगितलं गेलं. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तिथल्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि ती साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. त्यांनी विचार करायला आठवडा मागितला. मग संस्थेतलीच चौकशी पुरे म्हणाल्या, पण अट घातली: माफी मागायची तर ज्या ग्रुपवर बोललं गेलं तिथंच, आणि लेखी.

चौकशी कुणी करायची, हा अवघड प्रश्न होता. रात्रीच्या बैठकीला नसलेले चार सदस्य होते, त्यांच्याकडे चौकशी दिली. चौकशी त्यांनी केली, पण निर्णय कार्यकारिणीचा, आणि गणपूर्तीला सहा लागतात. म्हणजे आधी एकदा मत देऊन बसलेल्या सातांपैकी काहींना बसावंच लागणार. कार्यवाह बाहेर राहिले, बाकीचे दहा बसले. बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि तसं इतिवृत्तात कारणासह लिहिलं गेलं. लिहिलं नसतं तर पुढं अपिलात याचं उत्तर देता आलं नसतं.

दहांनी दिलेला निर्णय: दोन्ही आरोप सिद्ध, तीन वर्षं निलंबन, 32,500 रुपये भरा. अण्णांनी दाखवलेल्या चिठ्ठ्या ‘पावत्या नव्हेत’ म्हणून बाजूला ठेवल्या. अण्णांनी पुन्हा अपील केलं, या वेळी तिसाव्या दिवसाच्या आत, स्वतःच्या अक्षरात.

सुनावणी

अपील ऐकायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा. पण शे-दीडशे माणसांच्या सभेत चिठ्ठ्या तपासता येत नाहीत. तेव्हा सभेनं तिघांची समिती नेमली: एक निवृत्त बँक अधिकारी, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. समितीनं ऐकून अहवाल द्यायचा, निर्णय सभेनंच करायचा. मी सभासद नसल्यामुळे मला मत नव्हतं आणि ते बरंच होतं.

वकील आणू का, असं अण्णांनी विचारलं. संस्थेच्या बाजूनं वकील नव्हता, म्हणून आम्ही नाही म्हटलं. मदतीला एखादा सभासद आणा म्हटलं. ते पुतण्याला घेऊन आले.

वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या लांब टेबलावर त्यांनी कापडदुकानाची पिशवी उपडी केली. वहीची फाटकी पानं, आचाऱ्यानं दिलेली किराण्याची यादी, जीपवाल्याची कानडीत लिहिलेली चिठ्ठी, आणि एका लग्नपत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं मांडलेली बेरीज. पंखा बंद करावा लागला. बँकवाल्यांनी प्रत्येक कागदावर एकेक मासिक ठेवून रांग लावली आणि अण्णांना एकेकाबद्दल विचारायला सुरुवात केली, आवाज न चढवता. तासाभरानं अण्णाच वैतागले. ‘मी काय पैसे खाल्लो काय? सांगा की मग तसं!’ शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘अण्णा, तसं कुणी म्हटलेलं नाही. तुम्ही दिलेले पैसे कुठं गेले ते तुम्हीच दाखवायचंय.’

मंडपाचे दहा हजार आगाऊ दिले, असं अण्णांचं म्हणणं. चिठ्ठीवर सही अस्पष्ट. मग आम्ही खजिनदारांच्या फाईलमधलं मंडपाचं बिल काढलं. बिलाच्या तळाशी मंडपवाल्यानं स्वच्छ लिहिलं होतं, ‘आगाऊ जमा 10,000’. आगाऊ कुणी दिले हे न विचारता उरलेली रक्कम भागवून बिल फाईलला लावलं होतं. म्हणजे अण्णांच्या बाजूचा पुरावा पहिल्या दिवसापासून संस्थेच्याच कपाटात होता. रात्रीच्या बैठकीत ती फाईल कुणी उघडली असती तर निदान ‘लाखभर’ची भाषा झाली नसती. जीपवाल्याला आणि आचाऱ्याला बोलावून विचारलं; 6,500 आणि 8,500 मिळाल्याचं दोघांनी लिहून दिलं. एकूण 25,000 चा मेळ लागला. 7,500 चा लागला नाही. त्याबद्दल अण्णांकडे ‘किरकोळ गेले’ यापलीकडे उत्तर नव्हतं.

आणि पुस्तक क्रमांक 14? ते पुतण्याकडे होतं. अण्णांनी पलीकडची गल्ली त्याला दिलेली, त्यानं नऊ पावत्या फाडल्या, वर्गणी स्वतःच्या फोनवर घेतली आणि संमेलन झाल्याबरोबर कामासाठी गोव्याला गेला. पुस्तक बॅगेत. 6,000 रुपये होते, ते त्यानं सुनावणीतच भरले. पुस्तक दुसऱ्याला दिल्याचं अण्णांनी आधी का सांगितलं नाही? पोराचं नाव यात नको म्हणून, असं ते म्हणाले. मला ते खरं वाटलं. बँकवाल्यांना वाटलं नाही.

दुसऱ्या आरोपाची सुनावणी छोटी झाली. निरोप वाजवायचा का, हा प्रश्न होता. बाई समोर असताना तो पुन्हा वाजवू नये असं शिक्षिकाबाईंनी ठरवलं आणि लेखी उतारा अण्णांपुढे ठेवला. ‘हे तुमचंच बोलणं ना?’ अण्णांनी वाचलं, चष्मा काढला, ‘रागात बोलून गेलो’ म्हणाले. शिक्षिकाबाईंनी ते तसंच लिहून घेतलं आणि सही घेतली. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची सही घ्यायचा आग्रह त्यांचाच होता. आम्हाला तेव्हा जाच वाटला होता, पण सभेत ‘मी असं बोललोच नाही’ म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही.

सर्वसाधारण सभा

या विषयापुरतं अध्यक्षांनी आसन सोडलं आणि सभेनं एका जुन्या सभासदाला अध्यक्षस्थानी बसवलं. अण्णा आणि कार्यवाह दोघांनीही मत द्यायचं नाही असं ठरलं. अण्णांनी कुरकुर केली, कार्यवाहांनी त्याहून जास्त. मतदान चिठ्ठीनं झालं. हात वर करून घेतलं असतं तर निम्मे लोक भावकीकडे बघून हात वर करणारे.

अहवाल वाचून झाल्यावर एकजण उठून म्हणाला, की मराठी संस्थेत मराठी माणसांनी एकमेकांची उणीदुणी काढायची ही वेळ नव्हे. टाळ्या पडल्या. तात्पुरत्या अध्यक्षांनी त्यांना बसवलं आणि भाषेचा इथं काही संबंध नाही, दोन्हीकडं मराठीच आहेत, एवढं म्हणून मतपेटी फिरवली. अहवाल मंजूर झाला, पण दणक्यात नाही.

निष्पत्ती

हिशेब न दिल्याचा आरोप कायम राहिला, वसुली 32,500 वरून 7,500 वर आली, आणि पुढच्या दोन संमेलनांत अण्णांना पावतीपुस्तक मिळणार नाही असं ठरलं. दुसऱ्या आरोपाबद्दल एक वर्ष मतदानाचा आणि निवडणूक लढवायचा हक्क निलंबित. पुस्तकं नेण्याचा, अभ्यासिकेत बसायचा हक्क कुणाचाच जाणार नाही, हे वाक्य शिक्षिकाबाईंनी अहवालात मुद्दाम घातलं होतं. माफीचा मजकूर अण्णांनी तीन वेळा बदलला. शेवटी ग्रुपवर आला तो चार ओळींचा. बाईंनी तो पुरेसा धरला.

निकालाचं पत्र मराठीत अण्णांना गेलं, आणि वार्षिक विवरणाबरोबर त्याचा कानडी अनुवाद निबंधक कार्यालयात. तिथल्या कारकुनानं पोच दिली. कुणी प्रशासक आला नाही.

कार्यवाहांनी महिन्याभरात राजीनामा दिला. ‘तक्रार केली मी आणि खोटा पडलो मीच’ असं ते अजून म्हणतात. त्यांची तक्रार खोटी नव्हती, हे अहवालात लिहिलेलं आहे, पण त्यांचं समाधान झालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री फक्त दोन कामं पुरली असती. अण्णांकडची पुस्तकं व रोकड सात दिवसांत जमा करा असं लेखी पत्र, आणि ग्रंथपाल बाईंचं निवेदन. ठरावाची गरजच नव्हती. मंडपाचं बिल आणि पेन्सिलीची वही तेव्हाच शेजारी शेजारी ठेवली असती तर प्रकरण तीनेक आठवड्यांत आटोपलं असतं, असा माझा अंदाज. लागले आठ महिने.

तक्रारदारानं ठराव लिहू नये, हे आता पोटनियमांत घातलं आहे. गणपूर्तीची अडचण मात्र सुटलेली नाही. अकरांपैकी सात एकदा मत देऊन बसले की निःपक्ष सहा आणायचे कुठून? शिस्तभंगासाठी सर्वसाधारण सभेनंच दरवर्षी तिघांची वेगळी समिती निवडून ठेवावी, अशी सूचना मी केली होती. गावात कुणी निवडून यायला तयार नाही, म्हणून ती बारगळली.

मतदानाचा हक्क एक वर्ष काढण्याबद्दल आम्हा तिघांत मतभेद होता. माझ्या मते कर्मचाऱ्याशी केलेल्या वर्तनाची शिक्षा मतदानाशी जोडण्यात अर्थ नव्हता. बैठकांना वर्षभर बंदी जास्त नेमकी ठरली असती. दोघांचं म्हणणं होतं की गावात माणसाच्या जिव्हारी लागतं ते मत काढलेलंच. गाव त्यांना जास्त माहीत होतं, मी आग्रह सोडला.

पावतीपुस्तकांची नोंद आता शाईनं होते, घेणाऱ्याची सही असते, पुस्तक दुसऱ्याला दिलं तर तसं कळवावं लागतं. संमेलनाचा कुठलाही खर्च खजिनदारांच्या हातूनच करायचा, हा नियमही झाला. तो पाळला जाईल का याची मला शंका आहे, कारण आदल्या रात्री अकराला जनरेटरच्या डिझेलला पैसे लागतात तेव्हा खजिनदार झोपलेले असतात. निदान दोन हजारांपर्यंतची उचल आधी सहीनं द्यावी, असं सुचवलं आहे.

अण्णांनी 7,500 पैकी पाच हजार भरले. उरलेले अडीच हजार सोडून द्यावेत असं खजिनदार म्हणतात. नव्या कार्यवाह म्हणतात, सोडायचे असतील तर सभेनं सोडावेत, आपण नव्हे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो सहावा विषय आहे.